चाळिशीनंतर डान्स म्युझिक कसं ऐकायचं: बर्डीच्या एका स्पीकर दुरुस्तीवाल्याचा सल्ला

माझं दुकान नागपुरात, बर्डीच्या मागच्या एका गल्लीत आहे. स्पीकर, ॲम्प्लिफायर, मिक्सर दुरुस्त करतो. त्याआधी बरीच वर्षं वर्धा रोडवरच्या लॉनवर लग्नांत डीजे वाजवला. त्यामुळे वयाप्रमाणे माणूस कोणता आवाज मागतो, हे मला दोन्ही बाजूंनी बघायला मिळालं. विशीतलं पोरगं काउंटरवर येतं आणि म्हणतं, ‘काका, छाती दणाणली पाहिजे.’ पंचेचाळिशीचं गिऱ्हाईक म्हणतं, ‘भाऊ, आवाज साफ पाहिजे, टोचायला नको.’ बरेचदा हा दुसरा माणूस म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा पहिलाच असतो. त्याचे अठरा इंची बेस मीच रिकोन करून, म्हणजे नवा कोन लावून दिलेले असतात.

२००७ मध्ये गोव्यात कांदोळीला सनबर्न हा डान्स म्युझिकचा महोत्सव सुरू झाला तेव्हा विशीत असलेली पोरं आता चाळिशीला टेकलीत. त्यांच्यातले कितीतरी जण दुकानात बसून एकच रडगाणं गातात: ‘पहिले जे ऐकायचो ते आता पाच मिनिटं सहन होत नाही. नवीन लावलं तर सगळं सारखंच वाटून राह्यलं. म्हातारे झालो का बे आपण?’ मग ते सरळ नव्वदच्या दशकातल्या हिंदी गाण्यांवर जातात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. मला हे पटत नाही. डीजे कार्ल कॉक्स १९६२ चा आहे, अजून टेक्नो वाजवतो. डिस्कोवाला संगीतकार जॉर्जो मोरोडर १९४० चा, तो तर सत्तरी ओलांडल्यावर डीजे म्हणून लोकांसमोर उभा राहिला. या संगीतात म्हाताऱ्या कानांना भरपूर जागा आहे. फक्त विशीत ज्या खिडकीतून ऐकत होतो तिथून उठून दुसऱ्या खिडकीशी बसावं लागतं. ते कसं करायचं, तेवढं सांगतो.

आधी कानाचं बघा

एक गिऱ्हाईक येतं आणि दोन तक्रारी करतं. पहिली: ‘गाण्यातले शब्द नीट कळत नाहीत, स्पीकर दबला वाटतं.’ दुसरी: ‘थोडा आवाज वाढवला की ट्विटर टोचते.’ दोन्ही एकाच स्पीकरबद्दल. मी ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) तपासतो, क्रॉसओव्हर (सूर वाटून देणारं सर्किट) तपासतो, सगळं ठणठणीत असतं. बदललेला असतो तो कान. वयाप्रमाणे वरचे सूर आधी जातात. लहान मूल २० हजार हर्ट्‌झच्या आसपासपर्यंत ऐकतं, मध्यमवयात ती हद्द बरीच खाली येते. शिवाय आतल्या पेशी कमी झालेला कान हलके आवाज ऐकत नाही, पण मोठा आवाज झाला की एकदम जास्तच मोठा झाल्यासारखा धरतो. म्हणून एकाच माणसाला तेच गाणं दबकंही वाटतं आणि टोचतंही. वरच्या पट्टीत किंचाळणारा सिंथ, सतत वाढत जाणारा तो ‘शूऽऽ’ आवाज, फुटलेला क्लॅप, हे सगळं विशीत अंगावर काटा आणायचं आणि आता कपाळावर आठी आणतं. यात आवडीनिवडीपेक्षा शरीराचा भाग मोठा आहे.

कानात सतत सूं होत असेल, किंवा चारचौघांच्या गलक्यात समोरच्याचं बोलणं समजत नसेल, तर नवं संगीत शोधण्याआधी एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. इथल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. बंद खोलीत हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं, संपलं. कोणता सूर गेलाय ते कागदावर आलं की निदान स्पीकरला शिव्या घालणं थांबतं.

दुसरा भाग मनाचा. २०१३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अडीच लाखांहून जास्त लोकांच्या आवडी वयाप्रमाणे मांडल्या. आदळआपट करणाऱ्या, तीव्र संगीताची ओढ पौगंडावस्थेत सगळ्यात जास्त आणि नंतर उतरत जाते. मवाळ आणि गुंतागुंतीच्या संगीताकडे कल वाढत जातो. म्हणजे तुमचं जे होतंय ते जगात सगळ्यांचं होतं. पण किशोरवयात आणि विशीत ऐकलेलं मात्र पुसलं जात नाही, ते तळाशी बसतं.

आणि नागपूरकराच्या तळाशी काय बसलेलं असतं? संदल-धुमाल. ताजबागचा उर्स असो, मारबत असो, गणपती असो की चौदा एप्रिल, गाडीवर पॅडवाले उभे, हातात काठ्या, ऑक्टोपॅडवर ठेका, बाजूला की-बोर्ड आणि खाली बेसची भिंत. रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड १९८५ मध्ये बाजारात आणला तेव्हा तो महालच्या गल्लीत असा वाजेल असं कंपनीतल्या कोणाला वाटलं असेल का, देव जाणे. मला विचाराल तर हे अस्सल इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक आहे, तेही हाताने, त्याच क्षणी वाजवलेलं. नाक मुरडणारे मुरडोत. तुम्ही नागपुरात वाढला असाल तर तुमची आवड शोधताना हे धरूनच शोधा, वगळून नको.

जुनी यादी काढा आणि तिला एकच प्रश्न विचारा

अठरा ते पंचवीस या वयात तुम्हाला वेड लावणारे सात-आठ ट्रॅक आठवा. कागदावर लिहा. मग एकेक लावा, मध्यम आवाजात, आणि स्वतःला विचारा: यात मी कशाची वाट बघत होतो? गाण्याचं नाव, कलाकाराचं नाव, त्या रात्रीची आठवण, सगळं बाजूला ठेवा. नेमका कोणता आवाज आला की मान हलायची?

दुकानात मी हा प्रश्न पुष्कळांना विचारतो. उत्तरं साधारण चार येतात: ठेका, बेस, चाल (म्हणजे सुरावट), किंवा ड्रॉप (ताणून धरलेला ठेका एकदम कोसळतो तो क्षण). तुमचं उत्तर जे असेल त्यावर पुढची वाट ठरते.

ठेक्याची माणसं सगळ्यात सुखी. त्यांना मी सरळ शिकागोला पाठवतो. १९८० च्या दशकात तिथे डीजे फ्रँकी नकल्स आणि त्याच्या आसपासच्या मंडळींनी हाउस नावाचं डान्स म्युझिक घडवलं. रोलँडचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन १९८३ ला आलं, बाजारात आपटलं, आणि सेकंडहँड भावात या पोरांच्या हाती लागलं. त्या मशीनची किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, गोल आहे, टोचत नाही, आणि हाय-हॅट, म्हणजे झांजेचा आवाज, जरा मागे-पुढे सरकवला की झोका येतो. जुनं शिकागो हाउस ऐकताना किककडे लक्षच देऊ नका, ती चालूच राहणार आहे. हाय-हॅट कधी उघडतो, कधी बंद होतो, तेवढंच धरा. दोन-चार दिवसांत कान तिथे बसतो.

बेसच्या माणसांना दोन वाटा. एक बर्लिनची: १९९३ च्या सुमारास बेसिक चॅनल नावाने मोरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टस या जोडीने टेक्नोमध्ये जमैकाच्या डब या संगीतप्रकाराचा प्रतिध्वनी मिसळला. बेस खोल, वर धुकं, ड्रॉप नाहीच. विशीत मी हे ऐकलं असतं तर टेप खराब आहे म्हणून परत केलं असतं. दुसरी वाट आपल्याच मुंबईची. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडचं टीबी-३०३ हे बेस मशीन आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन दहा रागांचा डिस्को ठेक्यावरचा एक अल्बम केला. भैरव, ललत, मालकंस, सगळे त्या मशीनवर. कोणी विचारलं नाही. शिकागोची पोरं त्याच ३०३ मधून ॲसिड हाउस काढत होती ते १९८७ ला. चरणजित सिंगांचा अल्बम २०१० मध्ये पुन्हा निघाला तेव्हा जग चाट पडलं, आणि सत्तरीत ते युरोपात जाऊन वाजवून आले. घरात शास्त्रीय ऐकणारे आई-वडील असतील तर हा अल्बम हॉलमध्ये लावून बघा. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी तो ऐकून फक्त एवढंच विचारलं, ‘बैरागीत हा बेस कोणी लावला?’ आणि पुन्हा लावायला सांगितला.

चालीची माणसं म्हणजे बहुतेक जुने ट्रान्सवाले. त्यांना लांब, रडवणाऱ्या मेलडीची सवय असते. त्यांनी लॅरी हर्डपासून सुरुवात करावी. हाही शिकागोचाच, मिस्टर फिंगर्स नावाने १९८० च्या दशकाच्या मध्यात त्याने डीप हाउसची वाट पाडली. तिथे सुरावट आहे पण ती गळ्यात पडत नाही, बाजूने चालते. जर्मनीचा क्राफ्टवेर्क हा बँड अजून ऐकला नसेल तर तोही ऐका. १९७० च्या दशकातलं आहे, त्यामुळे ‘आपण जुनं ऐकतोय’ हा गंडही राहत नाही, कारण तुमच्या जन्माआधीचं जुनं हे नवीनच असतं.

ड्रॉपच्या माणसांचं अवघड आहे, खोटं कशाला बोलू. ड्रॉप ही गर्दीची चीज. हजार माणसं एकदम हात वर करतात तेव्हा तिला अर्थ असतो. घरी सोफ्यावर एकट्याने ड्रॉप ऐकणं म्हणजे रिकाम्या लॉनवर अक्षता टाकणं. त्यामुळे घरासाठी यादीत दुसऱ्या क्रमांकावर काय आहे ते बघा आणि ड्रॉप वर्षातून एखाद-दोन वेळा गर्दीत जाऊन घ्या. त्याबद्दल पुढे बोलतो.

वेग एकदम उतरवू नका

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. मिनिटाला १४० ठोक्यांच्या ट्रान्सवरून उडी मारून थेट बिनठेक्याच्या ॲम्बियंटवर जातात, दहा मिनिटांत डुलकी लागते, आणि ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून मोकळे.

बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, मोजायला यंत्र लागत नाही. घड्याळ लावा, पंधरा सेकंद किक मोजा, चारने गुणा. ट्रान्स साधारण १३० ते १४०, सायट्रान्स त्याहून वर १४५ च्या आसपास, हाउस १२० ते १२८, डीप हाउस १२० च्या अलीकडे-पलीकडे, डाउनटेम्पो १०० आणि त्याखाली. तुमच्या यादीतला वेग काढा आणि तिथून चार-पाचच बीट खाली या. त्या वेगाचं आठवडा-दोन आठवडे ऐका. मग आणखी चार-पाच. १२० ला आलात की बहुतेकांचं पाऊल आपोआप थांबतं, कारण भरभर चालणाऱ्या माणसाची पावलंही मिनिटाला साधारण तेवढीच पडतात. सकाळी अंबाझरी तलावाच्या काठाने फिरायला जात असाल तर १२० चं हाउस लावून बघा. पहिल्या पाच मिनिटांत पाय त्यात जातात आणि वळणावर थांबायचं मन होत नाही. एकच कान भरा, दुसरा गाड्यांसाठी उघडा ठेवा.

वेग आवडणाऱ्यांसाठी एक चोरवाट आहे. ड्रम अँड बेस १७४ च्या आसपास धावतं, पण त्याचा बेस बहुतेक वेळा अर्ध्या चालीत असतो. ड्रमच्या मागे न लागता बेससोबत डोला, म्हणजे ८७ वर डोलणं होतं. वरती पोरं धावतात, खाली आपण आरामात. पन्नाशीतला माझा एक मित्र इतर सगळं सोडून यावरच आला आणि आता तिथून हलत नाही. आवड वयासोबत मंदच होते असं काही नाही.

लेहऱ्यासारखं ऐका

‘सगळं सारखंच वाटतं’ या तक्रारीवर माझ्याकडे एकच औषध आहे. तबल्याचं एकलवादन ऐकलंय? इथे वसंतराव देशपांडे सभागृहात होतात कार्यक्रम. हार्मोनियमवाला किंवा सारंगीवाला एकच लेहरा अर्धा-पाऊण तास वाजवतो. कोणी म्हणत नाही की याला दुसरं काही येत नाही का. कारण सगळ्यांना ठाऊक असतं की लेहरा हा धरायला आहे आणि ऐकायचं ते त्याच्यावर काय घडतं ते.

हाउस आणि टेक्नोमध्ये बेसची ती छोटी फिरती ओळ म्हणजे लेहरा. ती बदलणार नाही. बदलतं वरचं. आणि ते कधी बदलतं याचाही हिशेब आहे: बहुतेक ट्रॅक आठ, सोळा किंवा बत्तीस आवर्तनांच्या घडीत बांधलेले असतात, एका आवर्तनात चार बीट. १२० च्या वेगात सोळा आवर्तनं म्हणजे ६४ बीट, बरोबर ३२ सेकंद. एकदा मनात मोजत बसा. समेवर यावं तसं सोळा संपल्यावर काहीतरी एक येतं किंवा एक जातं: शेकर आला, क्लॅप गेला, फिल्टर उघडला. हे एकदा दिसलं की पुन्हा ‘सारखं’ वाटत नाही.

त्यासाठी दोन नियम पाळा. एक, मोबाइलवर तीस सेकंद ऐकून पुढे ढकलू नका. या संगीतात पहिलं मिनिट हे डीजेला जोडायला ठेवलेलं असतं, तिथे मुद्दाम फारसं काही घडत नाही. दुसरा, सुटे ट्रॅक कमी ऐका आणि तास-दीड तासाचे सलग सेट जास्त. एखाद्या जाणत्या डीजेचा सेट ख्यालासारखाच बढत घेत जातो आणि सुटा ट्रॅक तुम्हाला ती चढण दाखवू शकत नाही.

आवाज किती ठेवायचा

दुकानात जळालेला स्पीकर आला की उघडायच्या आधीच वासावरून कळतं. जळक्या वार्निशचा वास असतो. कोन काढला की आतली व्हॉइस कॉइल काळी पडलेली, तार सुटून गॅपमध्ये अडकलेली. बेस जास्त म्हणून जळत नाही तो, ॲम्प त्याच्या ताकदीबाहेर ताणल्यावर लहरीची डोकी कापली जातात आणि कॉइलला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. ती कॉइल मी बदलून देतो, नवा कोन लावतो, संध्याकाळी स्पीकर पुन्हा लग्नाला जातो. कानातल्या पेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यांना रिकोन नाही.

हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल दिवसाला आठ तास चालतो. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ अर्धी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना घरगुती ऐकण्यासाठी याहून कडक आहे: ८० डेसिबल, आठवड्याला चाळीस तास. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप मिळतं, दोन-चार डेसिबल इकडे-तिकडे दाखवेल, पण अंदाजाला पुरतं.

गर्दीत जायचं असेल, विसर्जनाला, संदलला, एखाद्या मोठ्या कार्यक्रमाला, तर इअरप्लग खिशात ठेवा. फार्मसीतला स्पंजवाला चालतो, पण तो वरचे सूर जास्त खातो आणि गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं येतं. संगीतासाठी बनवलेले सगळे सूर सारखे कमी करतात, दोन पैसे जास्त जातात पण तेच घ्या. आणि उभं कुठे राहता ते बघा. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे तीन मीटरवरून सहा मीटरवर आलात की ऐकायचा सुरक्षित वेळ चौपट झाला. इतवारीसारख्या अरुंद गल्लीत भिंती आवाज परत फेकतात, तिथे हा हिशेब चालत नाही, तिथे सरळ प्लग लावायचे. बेस तरीही छातीत येतो, त्याला कान लागत नाही. ड्रॉपवाल्यांनी हे लिहून ठेवावं.

मे महिना आणि कूलर

बाहेरगावचे लोक हा प्रश्न समजू शकणार नाहीत. पारा पंचेचाळिशीला, खिडकीला कूलर, दिवसरात्र घरघर. कूलरचा पंखा खालच्या सुरांत घरघरतो आणि गाण्यातला बेस नेमका तिथेच असतो, त्यामुळे कूलर बेस खाऊन टाकतो. माणूस आवाज वाढवतो, बेस थोडा वर येतो पण ट्विटर डोक्यात जाते. मग सायंकाळी माझ्या दुकानात: ‘बेस काऊन कमी झाला हो, उन्हाने स्पीकर खराब होते का?’

उन्हाळ्यात दुपारी स्पीकर बंद ठेवा, कानात घट्ट बसणारे इअरफोन वापरा. नीट बसले की कूलरची घरघर बरीच बाहेर राहते आणि कमी आवाजात काम भागतं. स्पीकरवरच ऐकायचं तर पर्कशन जास्त असलेलं निवडा: शेकर, काँगा, क्लॅप. ते घरघरीच्या वर तरंगतं. ॲम्बियंट कूलरखाली लावण्यात अर्थ नाही. ते बर्लिनचं डब टेक्नो लावलं तर वेगळीच मजा, त्यातही धुकं आणि यातही धुकं, कूलर कुठे थांबला आणि ट्रॅक कुठे सुरू झाला ते कळत नाही. आमच्या घरात बायकोने एकदा मोटर जळते म्हणून कूलरच बंद केला होता.

घरातल्या पोरांसोबत

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती हार्ड टेक्नो ऐकते, १५० आणि वर. माझा डीप हाउस सेट लावला की विचारते, ‘बाबा, तुमचं गाणं सुरू कधी होणार?’ आमच्यात तह असा आहे की एक तिचं, एक माझं, दोन्ही शेवटपर्यंत, मध्ये ढकलायचं नाही. संपल्यावर समोरच्याला तोच जुना प्रश्न: यात तू कशाची वाट बघत होतीस? ती म्हणाली, ‘किक तुटते आणि पुन्हा जोडते ना, त्याची.’ त्यानंतर तिच्या ट्रॅकमध्ये मला ऐकायला जागा सापडली.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका, कारण ते खरंही नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये रॉटरडॅमची पोरं गॅबर नावाखाली याहून वेगाने नाचत होती. आज जी पन्नाशीत आहेत तीच.

लग्नात सगळ्या वयांना नाचवायचं असेल तर

हे थोडक्यात. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद हा कायदा आहे, त्यामुळे वेळ दहापासून उलटी मोजा. सुरुवातीला थकलेले, जेवायची घाई असलेले वडीलधारे असतात. तेव्हा ९५ ते १०५, ओळखीची जुनी गाणी, आवाज बोलता येईल इतका. जेवणं सुरू झाली की ११५ ते १२०, जुन्या गाण्याखाली हाउसची किक सरकवून द्या. आत्याबाई चालीवर नाचतात, भाचे ठेक्यावर, भांडण होत नाही. शेवटचा पाऊण तास पोरांचा, १२८ किंवा संदल, आणि ज्येष्ठांच्या खुर्च्या बेसच्या समोरून हलवून बाजूला लावायला कॅटररला आधीच सांगून ठेवा. नवरदेवाचे मित्र पहिल्या तासातच ड्रॉप मागायला येतात. त्यांना ‘हो’ म्हणायचं आणि लावायचं नाही.

शेवटी यंत्राबद्दल, कारण लोक विचारतातच

कमी आवाजात ऐकायला लागलात की बेस गेल्यासारखा वाटेल. तो कानाचा स्वभाव आहे, बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलं: आवाज कमी झाला की खालचे सूर कानाला जास्तच कमी ऐकू येतात. म्हणूनच जुन्या ॲम्पवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं. कमी आवाजात ते दाबलं की बेस आणि थोडं ट्रेबल वर येतं. रात्री अकराला, शेजारी झोपलेले असताना हाउस ऐकायला याहून चांगली सोय नाही. नव्या ब्लूटूथ डब्यांत हे बटण सहसा दिसत नाही, ॲपमधल्या इक्वलायझरवर ६० ते १०० हर्ट्‌झ तीन-चार डेसिबल चढवा आणि ट्विटर टोचत असेल तर ३ ते ६ हजारांचा पट्टा दोनेक डेसिबल खाली घ्या. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे संगीत ऐकूच नका, त्यातून किक येतच नाही, फक्त तिची टिकटिक येते.

आणि वडिलांचा जुना ॲम्प माळ्यावर पडला असेल तर भंगारात देऊ नका. बहुतेकांचं काही बिघडलेलं नसतं. लाउडनेसचं बटण आणि व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायच्या बटणामागचा भाग) गंजून खरखर करतो, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि ॲम्प बंद ठेवून पाच-पंचवीस वेळा फिरवायचा. तरीही एकच बाजू वाजत असेल तर घेऊन या, पण सोमवारी नको, सोमवारी लग्नवाल्यांचे जळालेले बेस आलेले असतात.